१४ किलोमीटरवरून परत गेलेलं पार्सल

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत मी पार्सल पोहोचवण्याचं केंद्र चालवतो. नाव आणि यंत्रणा एका मोठ्या कंपनीची, फ्रँचायझी माझी. दुचाकीवर फिरणारी सहा पोरं आणि एक तीनचाकी, एवढा पसारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडून एक पार्सल परत गेलं. किंमत साडेतीनशे रुपयांच्या आत. परत जाणारी पार्सलं रोजच असतात, पण ज्यांचं हे पार्सल होतं ते काका माझ्या काउंटरसमोर उभे होते, पार्सल माझ्या पाठीमागच्या पिशवीत होतं, आणि ते मला त्यांच्या हातात देता आलं नाही. म्हणून या एका पार्सलचा माग मी मुळापासून काढला. जे सापडलं ते इथे मांडतो. गावाचं नाव बदलून पिंपळगाव केलं आहे, बाकी घडलं तसंच आहे.

मोटर

काकांचं पाच एकर कोरडवाहू वावर. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मधात तुरीची तासं. फवारणीचा पंप बॅटरीवरचा, पाठीवर घ्यायचा. त्यात १२ व्होल्टवर चालणारी मुठीएवढी मोटर असते. ती जळली की पंप म्हणजे पाठीवरचं नुसतं ओझं. घाटंजीत त्या पंपाची मोटर मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, नवा पंपच घ्या. बारावीतल्या मुलीने जळक्या मोटरवरचा नंबर फोनच्या टॉर्चने वाचला, ऑनलाइन तोच नंबर शोधला आणि मोटर मागवली. पैसे पार्सल हाती आल्यावर द्यायचे होते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, राखी नुकतीच झालेली. पऱ्हाटीच्या पानांखाली तुडतुडे दिसायला लागले होते. पाऊस दोन दिवस उघाड द्यायचा आणि पुन्हा लागायचा. फवारा त्या उघाडीतच मारावा लागतो. ती हुकली तर पुढची कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर पानांच्या कडा पिवळ्या पडून लाल होऊ लागतात. साडेतीनशेच्या आतल्या त्या वस्तूची खरी किंमत त्या आठवड्यात पाच एकरांएवढी होती, हे मला नंतर कळलं. आमच्या पडद्यावर मात्र ती इतर पार्सलांसारखीच एक ओळ होती.

भिवंडी ते घाटंजी

हा भाग लवकर सांगून होतो, कारण तो उत्तम चालला. भिवंडीच्या गोदामातून पार्सल रात्री निघालं, दुसऱ्या रात्री नागपूरच्या हबला स्कॅन झालं, तिसऱ्या दिवशी पहाटे यवतमाळला आणि सकाळी साडेआठला माझ्या शटरसमोर. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमणेपासून नागपूरपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. मुंबईच्या बाजूचा माल नागपुरात येण्याचा वेळ आमच्या डोळ्यांदेखत घटला. दहा वर्षांपूर्वी याच घाटंजीत कुरिअरची वाट पाहायची म्हणजे आठवडा धरून चालायचं. हे श्रेय रस्त्याला आहे, स्कॅनरला आहे, हबमध्ये पट्ट्यावरून पार्सल आपोआप योग्य पिशवीत टाकणाऱ्या यंत्राला आहे. ते मी मोकळ्या मनाने देतो.

एक गोष्ट मात्र तपासताना लक्षात आली. भिवंडीपासून माझ्या शटरपर्यंत कोणत्याही माणसाने त्या पार्सलवरचा पत्ता वाचला नव्हता. वाचायची गरजच पडली नाही. ४४५३०१ हे सहा आकडे यंत्राने वाचले आणि त्या जोरावर पार्सल राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलं. पत्ता पहिल्यांदा वाचायची वेळ आली ती माझ्याकडे, शेवटच्या १४ किलोमीटरसाठी.

इथे थोडं थांबून एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या जिल्ह्यात यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे होती. इंग्रजांच्या काळात ती टाकली ती इथला कापूस मुंबईकडे न्यायला. आमच्याकडचा माल बाहेर कसा न्यायचा याची सोय शंभर वर्षांपूर्वी झाली. बाहेरचा माल आमच्या दारापर्यंत कसा आणायचा, हा प्रश्न कोणी पहिल्यांदा विचारला असेल तर तो याच दहा-बारा वर्षांत. त्यामुळे त्याचं उत्तर अजून कच्चं आहे, आणि ते कच्चं कुठे आहे हे सांगणं आमच्यासारख्यांचं काम आहे.

एका पिनमध्ये दोन पिंपळगावं

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर यांमुळे पत्रं भलतीकडे जात, त्यावर हा उपाय होता. ४४५३०१ मधला ४ म्हणजे आपला विभाग, ४४५ म्हणजे यवतमाळचा वर्गवारी जिल्हा, शेवटचे ३०१ म्हणजे घाटंजीचं टपाल कार्यालय. हा आकडा गावाचा नव्हे, टपाल कार्यालयाचा आहे. देशात पिन कोड एकोणीस हजारांच्या घरात, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे गावं सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास. एका पिनच्या पोटात किती गावं येत असतील याचा हिशेब वाचकाने करावा.

टपाल खात्याला याची अडचण नव्हती, कारण घाटंजीच्या पुढे शाखा डाकघर होतं आणि तिथे डाकसेवक होता. त्याला गावातलं प्रत्येक दार ठाऊक. कंपन्यांनी पिन कोड उचलला, तो डाकसेवक मात्र उचलला नाही. त्याच्या जागी नकाशावरचा ठिपका आला.

आमच्या पिनमध्ये दोन पिंपळगावं आहेत. एक उत्तरेला १४ किलोमीटरवर, त्याला लोक नाल्याचं पिंपळगाव म्हणतात. दुसरं दक्षिणेला १२ किलोमीटरवर, ते जंगलाचं पिंपळगाव. महसुली दप्तरात दोन्ही नावांपुढे वेगळा शब्द आहे, जसं कुठे बुद्रुक-खुर्द असतं तसं. पण ऑर्डर देताना तो शब्द कोणी लिहीत नाही. आपल्या गावाला आपण नुसतं पिंपळगावच म्हणतो. शिवाय पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप होतो, त्यात 'ळ' चा 'ल' होतो, पुढचा शब्द तीन जण तीन तऱ्हेने लिहितात, आणि यंत्र तो शब्द सोडून देतं. कंपनीच्या यंत्रणेत 'पिंपळगाव, ४४५३०१' या नावाला एकच ठिपका होता, आणि तो जंगलाच्या पिंपळगावावर होता.

काका नाल्याच्या पिंपळगावचे.

तीन अटेम्प्ट

सकाळी पिशव्या उघडून स्कॅन केल्या की ॲपच कोणत्या पोराने कोणती पार्सलं न्यायची ते ठरवतं. काकांचं पार्सल दक्षिणेच्या पोराच्या यादीत आलं. तो गेला, पारावर विचारलं, त्या आडनावाचं घर गावात नव्हतं. फोन लावला, लागला नाही. काका वावरात होते, आणि त्यांच्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. पोराने 'ग्राहक उपलब्ध नाही' दाबलं.

या बटणाची एक अट आहे. घरी बसून पोरांनी खोटे अटेम्प्ट टाकू नयेत म्हणून, ठिपक्यापासून ठरावीक अंतराच्या आत उभं राहिल्याशिवाय ते बटण चालत नाही. अट रास्त आहे, मीही ती मागितली असती. पण इथे काय झालं ते पाहा. पोरगा चुकीच्या गावात उभा होता आणि ॲपने त्याला बरोबर ठरवलं. तोच पोरगा काकांच्या दारात जाऊन उभा राहिला असता, तर ॲपने सांगितलं असतं की तुम्ही पत्त्यापासून फार लांब आहात. चूक पकडायला बसवलेल्या अटीनेच चुकीवर शिक्का मारला, आणि कंपनीच्या नोंदीत आमचं काम चोख दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ॲपने तेच पार्सल त्याच पोराला दिलं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाऊ, त्या गावात या नावाचं कोणीच नाही." राखीच्या गर्दीचा माल अजून उपसायचा होता. मी ऐकलं आणि पुढच्या पिशवीकडे वळलो. यंत्रणेची चूक तिच्या जागी, पण ही चूक माझी. पोराने मला बरोबर तीच माहिती दिली होती जी यंत्राकडे नव्हती, आणि मी ती टाकून दिली. तिसऱ्या दिवशी रपट्यावरून पाणी वाहत होतं. पोरगा अलीकडेच थांबला, ठिपका तिथून जवळच होता, बटण चाललं. तीन अटेम्प्ट पूर्ण झाले की पार्सल आपोआप परतीच्या यादीत जातं. आमच्या भाषेत आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन'.

पोरांच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे. त्यांना पैसे मिळतात ते पोहोचलेल्या पार्सलाचे. न पोहोचलेल्याचं पेट्रोल त्यांच्या खिशातून, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. एका पार्सलसाठी जाऊन-येऊन २४ किलोमीटर, तेही तीनदा, ही मेहनत कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

काउंटर

चौथ्या दिवशी बाजार होता. काका आले. हातात मुलीचा फोन, त्यावर तीन ओळी: डिलिव्हरीसाठी निघालं, ग्राहक उपलब्ध नाही, परत पाठवत आहोत.

"भाऊ, पार्सल घाटंजीत आलं म्हणते. मंग माह्या घरी काहून नाही आलं? मी कुठी गेलो होतो?"

मी नंबर टाकून पाहिलं. पार्सल परतीच्या पिशवीत होतं, पिशवीला सील लागलं होतं, गाडी दुपारी यायची होती. सील तोडलं तर पिशवीतला एकूणएक माल माझ्या नावावर बाकी पडतो. आणि तोडलं असतं तरी परतीच्या पार्सलाचा ओटीपी निघत नाही. ओटीपीशिवाय दिलेला माल म्हणजे हरवलेला माल. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तिथल्या ताईंनी सांगितलं की स्थिती बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. काका काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभे होते. नखांत माती, एका बोटाला निळी चिंधी. पिशवी माझ्या पाठीमागे हाताच्या अंतरावर. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देता आलं नाही.

त्यांनी शेजाऱ्याचा पेट्रोलवरचा पंप मागून आणला आणि फवारा मारला. हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, जोराने उडणारे बारीक तुषार, अंगावर साधा सदरा. ती वर्षं आम्ही इथे पाहिली आहेत. सवय नसलेला, जोराचा पंप पाठीवर घेणं ही किरकोळ बाब नाही. काकांना काही झालं नाही. पण वेळेत न पोहोचलेल्या वस्तूच्या जागी माणूस काय उचलतो, हे 'ग्राहक उपलब्ध नाही' या नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं.

दोन दिवसांनी मुलगी आली. रागावलेली नव्हती, फक्त समजून घ्यायला आली होती. ती घाटंजीच्या कॉलेजात शिकते, मानव विकास योजनेच्या बसने येते. माझ्या केंद्रापासून कॉलेज चालत दहा मिनिटांवर.

"दादा, मी तं रोज इथूनच जाते. मले एक फोन केला असता तं मीच घेऊन गेली असती."

तिन्ही अटेम्प्टच्या दिवशी ती घाटंजीतच होती. ॲपमध्ये 'स्वतः येऊन घेतो' असा पर्यायच नव्हता, आणि आम्हीही तो कधी मनात आणला नव्हता.

मग काय केलं

आधी वही आणली. घाटंजीच्या पोस्टात जाऊन जुन्या डाकसेवक काकांजवळ दोन दुपार बसलो. आमच्या पिनमधली सगळी गावं, वाड्या, तांडे, पोड लिहून काढले. कोणत्या गावाला लोक काय म्हणतात, सरकारी नाव काय, कोणती आडनावं कुठे, रपटा कुठे बुडतो, नेटवर्क कुठल्या झाडाखाली येतं. सारखं किंवा मिळतंजुळतं नाव असलेली गावं तांबड्या शाईत. सकाळी स्कॅन झाल्यावर ॲपची यादी निघते, तेव्हा तांबड्या गावांची पार्सलं आता आम्ही हाताने वेगळी काढतो आणि फोन करूनच पोराला देतो. फोन दुपारी नाही, आदल्या रात्री आठच्या सुमारास, माणूस वावरातून घरी आल्यावर. लागला नाही तर व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप. टाकीजवळ गेल्यावर तो पोहोचतो.

ठिपका हलवायला कंपनीकडे तक्रार टाकली. दोनदा 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असं उत्तर आलं आणि ठिपका जागेवरच. तिसऱ्यांदा सातबाऱ्याची प्रत जोडली, गावाचा सरकारी क्रमांक लिहिला. ठिपका हलला. पण यंत्रणेत त्या नावाला जागाच एक होती, त्यामुळे आता जंगलाच्या पिंपळगावची पार्सलं नाल्याच्या पिंपळगावला जायला लागली. आठवडाभर हा उलटा गोंधळ चालला, आणि तेव्हा मला रोग नेमका कळला. ठिपका चुकीच्या जागी होता हे वरचं लक्षण. एका पिनमध्ये एका नावाचं एकच गाव असतं, हे यंत्रणा धरून चालते, हे मूळ.

आणि यावर उपाय सरकारजवळ आधीच आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक दिला गेला. पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाचा कोड आहे. सारख्या नावाची दोन गावं त्यात कधीच एक होत नाहीत. ऑर्डर घेताना पिन टाकल्यावर त्या पिनमधल्या गावांची यादी समोर आली, आणि ती मराठीत असली, तर काकांची मुलगी एका बोटाने आपलं पिंपळगाव निवडेल. यासाठी उपग्रहही लागत नाही, नवा शोधही लागत नाही.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर तयार केलेला दहा अक्षर-अंकांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. घराच्या उंबरठ्याचाच पत्ता म्हणा ना. मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आळीतल्या घरांचे कोड काढले आणि दाराच्या चौकटीवर खडूने लिहिले. कंपनीच्या ॲपमध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून त्या तो पत्त्याच्या ओळीतच टाकतात, आणि आमचं पोरगं आपल्या फोनवर उघडून पाहतं. चालतं. पण मला विचाराल तर आधी गाव बरोबर लागू दे. दार आमची पोरं शोधून काढतात.

किराणा दुकानात पार्सलं ठेवण्याचा प्रयोग निम्मा फसला. दुकानदार दादा चांगले, पार्सलमागे थोडे पैसे मी माझ्या वाट्यातून देत होतो. पण उधारी थकलेल्या माणसाचं पार्सल ते आधी उधारी मागून मग देत, आणि त्यावरून एकदा भांडण झालं. दुसरी गोष्ट मला सुचलीच नव्हती, ती एका वहिनींनी सांगितली: दुकानात पार्सल आलं की काय आलं, कितीचं आलं, हे सगळ्या गावाला कळतं. बायांना ते नको असतं. आता नाल्याच्या पिंपळगावात बायांची पार्सलं बचत गटाच्या एका ताईंच्या घरी जातात, बाकीची दुकानात.

परतीची पिशवी आता पूर्वीइतकी फुगत नाही. पण सील लागल्यावर समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं पार्सल देता यावं, एवढं एक बटण अजून मिळालेलं नाही. त्यासाठी चार वेळा लिहिलं आहे, आणि दोन पिंपळगावांना दोन वेगळ्या नोंदी द्याव्यात यासाठी तेवढ्याच वेळा. पुढच्या खरिपाच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत दोन्ही व्हावं म्हणून लिहीतच राहणार आहे.

मोटर मुलीने पोळ्यानंतर पुन्हा मागवली. या वेळी पार्सल आल्याच्या दिवशीच मी तिला फोन केला. परतीत न गेलेल्या पार्सलाचा ओटीपी असला की ते कुठेही देता येतं, काउंटरवरही. साडेचारला बसच्या आधी ती आली, पैसे मोजून दिले, खोका तिथेच उघडून मोटरवरचा नंबर पुन्हा एकदा जुळवला आणि दप्तरात ठेवला. ही गोष्ट तिनेच कॉलेजात सांगितली असावी. कारण आता रोज साडेचारला खेड्यापाड्यांवरची पोरं-पोरी बस यायच्या आधी काउंटरवर येतात आणि आपापल्या गावचं नाव सांगतात, पुढच्या शब्दासकट.